तंत्रज्ञानाचा रकाना

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांच्या खालोखाल महत्त्वाची गोष्ट म्हणजे टाचण. काही साहेबांच्या मते हा क्रम उलटा आहे. उद्या वर्गात काय शिकवणार, कसं शिकवणार आणि त्यावर मुलं काय बोलणार, हे सगळं आदल्या रात्री वहीत लिहून ठेवायचं, याला टाचण काढणं म्हणतात. मुलं उद्या काय बोलणार हे आज सांगू शकणारी माणसं जगात दोनच, डी.एड. झालेला शिक्षक आणि ज्योतिषी. ज्योतिषाची वही तपासायला केंद्रप्रमुख येत नाहीत, एवढाच काय तो फरक.

या टाचणाचा मूळ पुरुष हर्बार्ट नावाचा जर्मन गृहस्थ. तो 1841 साली वारला. पण त्याच्या शिष्यांनी गुरूच्या विचारांच्या पाच पायऱ्या बांधल्या आणि त्या पायऱ्यांवरून हर्बार्ट थेट महाराष्ट्रातल्या अध्यापक विद्यालयांत उतरला तो कायमचाच. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन, उपयोजन. ‘आज आपण बेरीज शिकणार आहोत’ असं खणखणीत हेतुकथन झाल्याशिवाय आमच्याकडे दोन आणि दोन चार होत नाहीत.

गेल्या दहाएक वर्षांत या वहीत एक नवा रकाना आला: ‘तंत्रज्ञानाचा वापर’. 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय निघाला आणि गावोगाव शाळा डिजिटल होऊ लागल्या. लोकवर्गणी निघाली, कुणी टीव्ही दिला, कुणी प्रोजेक्टर, कुणी आजोबांच्या स्मरणार्थ स्क्रीन. शिरूर तालुक्याला रांजणगावच्या एमआयडीसीचा शेजार असल्यामुळे तिथं कंपन्यांचा सीएसआर धावून आला. भीमेच्या पलीकडं दौंड तालुक्यात ऊस धावून आला. वस्तू आल्या त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या लक्षात आलं की आता हे रोज टाचणात लिहावं लागणार.

रकाना रिकामा सोडता येत नाही. सुरुवातीला भोळ्या लोकांनी ‘तक्ता, खडू-फळा’ असं लिहून पाहिलं. त्यावर लाल शेरा आला, ‘हे तंत्रज्ञान नव्हे.’ मग कुणी ‘मोबाइल’ लिहिलं. हे मात्र बरोबर निघालं, कारण मोबाइलचा वापर खरोखरच होत होता. पाठाच्या सुरुवातीला एक फोटो, मध्ये एक फोटो, शेवटी मुलांनी बोटं वर केलेला एक फोटो. मुलांनाही सराव झाला. मोबाइल वर झाला की बोटं वर होतात. प्रश्न विचारलेला असो वा नसो.

अध्यापनात पूर्णपणे मुरलेलं तंत्रज्ञान कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी बेधडक कॅमेऱ्याचं नाव घेईन. खिचडी शिजली, फोटो. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. तेच झाड पुढच्या वर्षी पुन्हा लावलं, पुन्हा फोटो. नोव्हेंबर 2016 मध्ये तर शासनानं असं ठरवलं होतं, की शिक्षकांनी सोमवारी वर्गातल्या मुलांच्या गटांबरोबर सेल्फी काढून ‘सरल’ प्रणालीवर चढवावी, म्हणजे शाळाबाह्य मुलं हुडकता येतील. शाळेत नसलेलं मूल सेल्फीत कसं येणार, हा प्रश्न विचारायला मराठी शिक्षक कमी करत नाही. तो विचारला गेला, संघटनांनी विरोध केला आणि सेल्फी पुढे ढकलली गेली. पण ती कल्पना मेली नाही. आज ती निरनिराळ्या ॲपमध्ये पुनर्जन्म घेऊन वावरते आहे.

या रकान्यासाठी प्रशिक्षणंही होतात. प्रशिक्षणात पडद्यावर तीन वर्तुळं येतात, एकमेकांत अडकलेली. विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान, तंत्रज्ञानाचं ज्ञान. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर या अमेरिकेतल्या दोघा प्राध्यापकांनी 2006 साली ही मांडणी केली, आणि ती चुकीची मुळीच नाही. तिन्ही वर्तुळं जिथं एकमेकांवर येतात तिथं चांगला शिक्षक उभा असतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या भागात ती वर्तुळं लाईट, नेट आणि मुलं अशी आहेत. तिन्ही एकमेकांवर येतात ती मंगळवारी अकरा ते अकरा वीस. गुरुवारी येत नाहीत, कारण गुरुवार हा दत्ताचा आणि वीजदुरुस्तीचा वार. ऊसतोडीच्या दिवसांत तिसरं वर्तुळच फडावर गेलेलं असतं.

म्हणून अनुभवी मंडळी एका धड्याची दोन टाचणं काढतात. एक वहीत, दुसरं डोक्यात. वहीतल्या टाचणात व्हिडिओ असतो. डोक्यातल्या टाचणात ‘लाईट गेल्यास’ असतं. शाळेचं बिल थकलं म्हणून वीज तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्रभर येऊन गेल्या आहेत. डिजिटल शाळेचा फलक दारावर आणि आत मीटर मुका, असला प्रकार. अशा वेळी डोक्यातलं टाचण पुरवून पुरवून वापरावं लागतं.

सगळंच हास्यास्पद आहे असं मात्र समजू नका. शिरूर तालुक्यातच, शिक्रापूरजवळ वाबळेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकरी यांनी मिळून जे उभं केलं ते पाहायला लांबलांबून लोक आले. गावानं जमीन दिली, काचेच्या भिंतींच्या शून्य-ऊर्जा वर्गखोल्या झाल्या, मुलांच्या हातात टॅब आले, प्रवेशासाठी रांग लागली. सरकारी शाळेत प्रवेशासाठी रांग, हा प्रकार पाहून कित्येकांना आपण चुकून एखाद्या इंग्रजी शाळेत आलो की काय असं वाटलं असणार. पुढं हेच वारे गुरुजी खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या छोट्या शाळेत गेले, आणि 2025 मध्ये त्या शाळेला टी फोर एज्युकेशन या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला.

आता गंमत अशी, की अशी शाळा पाहायला जाणारा माणूस काचेची भिंत पाहतो, टॅब पाहतो, त्यांचे फोटो काढतो आणि परत येऊन ‘आपल्याकडंही काच बसवू’ म्हणतो. जालिंदरनगरला नावाजलं गेलं ते मुख्यतः ‘विषयमित्र’ या पद्धतीसाठी. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं, मग शिकवणारा वयानं लहान का असेना. याचा फोटो निघत नाही. म्हणजे निघतो, पण त्यात दोन पोरं डोकी जुळवून गप्पा मारताना दिसतात, आणि असला फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर ‘वर्गावर शिक्षक कुठे आहेत?’ अशी विचारणा होते.

नदी ओलांडून दौंडकडं येऊ. यवत, केडगाव, पाटस हा गुऱ्हाळांचा पट्टा. हंगामात हवेलाच गोडी येते. इथल्या एका द्विशिक्षकी शाळेत ई-लर्निंगचा आदर्श पाठ होता. केंद्रप्रमुख मागच्या बाकावर वही उघडून बसलेले. घटक होता ‘उसापासून गूळ’. मॅडमनी सहा मिनिटांचा व्हिडिओ निवडला होता, टाचणात लिंक होती, अध्ययन निष्पत्ती होती, तिचा सांकेतिक क्रमांकही होता. उणीव कशाचीच नव्हती. फक्त प्रोजेक्टरला अंधार लागतो. म्हणून खिडक्या लावल्या, फटींना सतरंज्या अडकवल्या. त्या खिडक्यांतून दोन शेतं सोडून पलीकडचं गुऱ्हाळ दिसत होतं. पडद्यावरचं गुऱ्हाळ दिसावं म्हणून खरं गुऱ्हाळ बंद करण्यात आलं. वास तेवढा राहिला, त्याला सतरंजी पुरत नाही.

व्हिडिओ सुरू झाला. निवेदिकेचा आवाज अत्यंत गोड होता, गुळाला साजेसा. ‘त्यानंतर हा रस मोठ्या पात्रात उकळण्यास ठेवला जातो.’ मोठं पात्र ऐकून पोरं एकमेकांकडं बघू लागली. ती काहील होती. काहिलीला पात्र म्हटल्यावर तिसरीतला एक जण हसला. त्याला गप्प केलं. मग पडद्यावरचा रस उकळू लागला, आणि दुसऱ्या रांगेतला एक मुलगा उठून उभाच राहिला.

“मॅडम, यांनी भेंडी घातलीच न्हाई.”

“खाली बस. नंतर घालतील.”

“नंतर घालून काय उपेग? मळी वर यायच्या टायमाला घालायची असती. आता गूळ काळा पडनार.”

याचे वडील गुळव्या. मागच्या बाकावरून साहेबांनीच विचारलं, भेंडी कशाला? तेव्हा मुलानं सांगितलं: रानभेंडीची झाडं ठेचून पाण्यात चोळायची, ते बुळबुळीत पाणी काहिलीत सोडायचं, त्याला घाण चिकटती आणि मळी होऊन वर येती, मग झाऱ्यानं काढून टाकायची. शेवटच्या ओळीतला, गुऱ्हाळावर कामाला उत्तर प्रदेशातून आलेल्या घरचा एक मुलगा, जो वर्षभरात वर्गात फारसं बोलला नव्हता, तो एकदम म्हणाला, “हमारे उधर भी डालते हैं, सर.” मग त्यांच्याकडं गुळाला काय म्हणतात, ढेप केवढी असते, चुलवणात चिपाडं घालतात का, काकवी कधी काढून घ्यायची आणि ती भाकरीशी चांगली का पुरीशी, यावर वर्गात जी चर्चा पेटली ती आवरेना. मॅडमनी व्हिडिओ थांबवला. कुणीतरी सतरंजी काढली. पुढची पंधरा मिनिटं मुलं खिडकीतून बोट दाखवून साहेबांना गूळ शिकवत होती.

साहेबांनी मनापासून ऐकलं. भेंडीची माहिती त्यांनी स्वतःच्या डायरीत उतरवून घेतली. मग शाळेच्या वहीत शेरा लिहिला: ‘विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला. मात्र व्हिडिओ पूर्ण दाखवण्यात आला नाही.’

त्यांचाही दोष नाही. तपासणीच्या नमुन्यात ‘व्हिडिओ दाखवला का?’ असा प्रश्न असतो. ‘व्हिडिओ थांबवला का?’ असा नसतो. थांबवण्याची वेळ बरोबर साधणं हे सगळ्यात अवघड काम, पण त्याला गुण नाहीत.

या केडगावचं आणखी एक. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. 1896-97 च्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली या माळरानावर वाढल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, 1922 साली त्या गेल्या, आणि ते बायबल छापलं गेलं मिशनच्याच छापखान्यात. त्या काळी मुलींच्या हाती पाटी द्यायला लोक कचरत होते. इथं मुली शिशाचे खिळे जुळवत होत्या. उलटी अक्षरं वाचायची, ओळ बसवायची, मुद्रित तपासायचं. व्याकरण, हस्तकौशल्य आणि यंत्र एकाच टेबलावर. हर्बार्टनं पाहिलं असतं तर कोणती पायरी कुठली, या विचारानं तो गोंधळला असता. रकाना मात्र कुणी भरला नसणार.

यंत्र वर्गात येताना पेढे आणि भविष्यवाणी दोन्ही घेऊन येतं, ही जुनी रीत आहे. 1913 साली एडिसननं सांगून टाकलं होतं, की आता शाळांतली पुस्तकं कालबाह्य होणार, सिनेमाच सगळं शिकवणार. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पण माझ्या मते फाळक्यांनी त्याच्या थोडं आधी केलेली फिल्म शिक्षकांनी जास्त ध्यानात ठेवावी. तिचं नाव ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फिल्म घेत गेले. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटाभरात दिसली. भांडवलदाराला पटवायला केलेली ही खटपट, पण तिच्यात ई-लर्निंगचं सगळं प्रशिक्षण आलं. वाटाणा फाळक्यांच्या घरी प्रत्यक्ष होताच. त्यांनी दाखवलं ते डोळ्याला न दिसणारं, त्याचं वाढणं. आमच्याकडं मटकीला मोड येण्याचा व्हिडिओ दाखवतात तेव्हा शेजारच्या स्वयंपाकखोलीत मावशींनी उद्याच्या उसळीसाठी मटकी फडक्यात बांधून ठेवलेली असते. व्हिडिओही दाखवा, फडकंही सोडा. पण फडक्याची लिंक नसते.

लिंकवरून क्यूआर कोड आठवला. दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसलं की कुर्डुवाडी लागतं, तो माढा तालुका. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर. त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिले. ही बातमी स्टाफरूममध्ये वाचली गेली तेव्हा क्यूआर कोडपेक्षा निम्मे वाटून देण्यावरच जास्त वेळ चर्चा झाली. आता बालभारतीच्या पुस्तकांत धड्याधड्याला चौकोन आहे. त्याची खरी पंचाईत अशी, की आमच्या मुलांना हा चौकोन पुस्तकाआधी वडापावच्या गाड्यावर भेटला. पहिलीतल्या एका पोरीनं बापाच्या मोबाइलवरून कवितेचा कोड स्कॅन केला, कविता सुरू झाली, आणि तिनं घाबरून विचारलं, “पप्पा, किती कापले?”

कोरोनात हे सगळं एकदमच अंगावर आलं. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं म्हणत रोज व्हॉट्सॲपवर अभ्यास येऊ लागला, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. मोबाइल घरात एकच, तो बापाबरोबर रांजणगावच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला गेलेला. अभ्यास रात्री अकराला घरी यायचा, तोवर पोरगं झोपलेलं. बाप मात्र सकाळी चौथीचं परिसर अभ्यास करून कामावर जायचा. त्या काळातली मला आवडलेली युक्ती जव्हार-मोखाड्याकडची. तिथं पाड्यांवर सरळ लाउडस्पीकर लावून ‘बोलकी शाळा’ भरवली. म्हणजे पाढे सगळ्या पाड्यानं ऐकले, ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडली त्यांनीसुद्धा. नेट लागलं नाही, पासवर्ड लागला नाही आणि ‘तुमचा आवाज येत नाहीये’ असं कुणाला म्हणता आलं नाही.

परवा शिरूरकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत ऐकलेली गोष्ट सांगतो. चौथीला प्राण्यांवर पाठ होता. शाळेला कुणीतरी दिलेला बत्तीस इंची टीव्ही. बाईंनी आधी मुंगीचा व्हिडिओ लावला, मग मांजराचा, मग निळ्या देवमाशाचा. तिन्ही प्राणी पडदाभर. शिरूरच्या पोरांनी घोड नदी पाहिलेली, समुद्र पाहिलेला नाही. देवमासा खिडकीतून दाखवायची सोय नाही, तेव्हा पडदा पाहिजेच. पोरं आ वासून बघत होती. शेवटी एका मुलीनं विचारलं, “बाई, देवमासा मुंगीएवढाच असतो का?”

बाई क्षणभर टीव्हीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि शेजारच्या विहिरीवरून मोटार सोडायचा दोर मागवला. निळा देवमासा तीस मीटरपर्यंत भरतो. शाळेत मीटरपट्टी एक. ती तीसदा टाकायची ठरली. तोंड झेंड्याच्या खांबाशी धरलं. दहा मीटरला मैदान अर्धं संपलं. वीस मीटरला कुंपण आलं. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, बाईंनी मान हलवली, आणि देवमासा कुंपणातून बाहेर पडून शेजारच्या कांद्याच्या वाफ्यात शिरला.

“कोन हाय रे वाफ्यात?” तात्या ओरडत आले.

“देवमासा हाय, तात्या!”

तात्यांनी दोर पाहिला. खांबापासून आपल्या बांधापर्यंत दोनदा नजर फिरवली. तोंड कुठलं, शेपूट कुठलं ते विचारून घेतलं. पाण्यात राहून हा श्वास कसा घेतो तेही विचारलं, आणि ते पोरांनी व्हिडिओत पाहिलेलं असल्यामुळं चौघांनी एकाच वेळी सांगितलं. मग तात्या म्हणाले, “असूं दे. शेपूट तेवढं अलीकडं घ्या, पानी सोडायचंय.”

पोरं दोरावर ओळीनं झोपली. एका देवमाशात चौथीचा सगळा वर्ग मावला आणि शेपटीकडं जागा उरली म्हणून पहिलीची दोन पोरं बोलावली. बाईंनी नेमाप्रमाणे फोटो काढला.

संध्याकाळी ग्रुपवर फॉर्म आला. ‘वापरलेले तंत्रज्ञान’ याखाली पर्याय होते: स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब, ॲप, इतर. बाईंनी ‘स्मार्ट टीव्ही’वर खूण केली, ‘इतर’वरही केली आणि पुढं ‘दोर’ असं लिहिलं. लगेच खाली लाल अक्षरं उमटली, ‘कृपया लिंक द्या.’ बाईंनी फोटो जोडून फॉर्म पाठवला. रात्री साडेनऊला वरून उत्तर आलं:

‘फोटो मिळाला. मासा दिसत नाही. पुन्हा पाठवा.’